थोरल्याला बरणीत ठेवलं

मुलांनो, रविवारी फोनवर तुम्हाला एक मासा टाकीबाहेर, बरणीत दिसेल. तुम्ही घाबरू नये म्हणून आजच लिहिते.

टाकीतला थोरला तांबडा नर धाकट्या नराला खाऊ देईना. सारखा पाठलाग करून त्याने त्याची शेपटी कुरतडली. धाकटा पंपामागे दडून राहू लागला, तेव्हा मी त्यालाच उचलून बरणीत ठेवलं. मग माझाच मला राग आला. मार यानेच खायचा आणि घरही यानेच सोडायचं? लहानपणी कोपऱ्यावर टवाळ मुलं उभी असायची, म्हणून मला लांबच्या रस्त्याने शाळेत पाठवत. मी वर्षभर निमूटपणे गेले.

मी माशांची अदलाबदल केली. आजोबा हसले, "अगं, निसर्गच आहे तो. माशांना कसली शिस्त लावतेस?"

"निसर्ग नदीत. या टाकीचं पाणी मी बदलते," मी म्हटलं.

टाकीतले दगड आणि झाडंही हलवली, म्हणजे थोरला परतल्यावर त्याला त्याची जुनी हद्द सापडणार नाही.

धाकट्याची शेपटी अर्धीच उरली आहे. पण तो जिवंत आहे, आणि आज टाकीच्या मधोमध येऊन जेवला.