म्हाळूचा अर्धा सांगावा

म्हाळू वल्द सटवा, उमर अंदाजे चाळीस, राहणार नांदूरघाटाशेजारची वाडी. मजहब इसाई (आधी दुसरे काही लिहून खोडलेले). डाव्या पायाला भेग. काम : मयताचा सांगावा पाहुण्यांच्या गावी पोचवणे. तक्रार : नाही.

गावच्या दप्तरातला हा कागद खरा होता. गोड बातमी न्हाव्यानं न्यायची आणि मरणाची म्हाळूनं, अशी गावची वाटणी. त्यामुळे म्हाळू दिसला की पंचक्रोशीतल्या बाया आधी पदर तोंडाला लावत आणि मग कोण गेलं ते विचारत. पाद्रीसाहेबांनी बाप्तिस्म्याचं पाणी दिल्यापासून म्हाळूला एक सवय लागली होती. प्रत्येक वेशीवर थांबून तो म्हणे, "देवा, माझ्या तोंडून खरं तेवढंच बोलव, पण ऐकणाऱ्याला झेपंल असं."

एकदा न्हावी गावाला गेलेला आणि अर्जुनरावांना नातू झाला. सून मंजुळाबाई चौसाळ्याची. तीन वर्षांपूर्वी तिच्या लग्नात अर्जुनरावांच्या पानाशी येता येता तूप संपलं होतं. तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद, सुनेचं माहेरही बंद. अर्जुनरावांनी म्हाळूला बोलावलं.

"इवायाला सांग, नातू झाला. आन् हेबी सांग, बारशाला कुनी येऊ नका. आमच्या घरी तूप लई हाय."

आतून मंजुळाबाईचं हुंदका गिळणं म्हाळूनं ऐकलं.

अर्ध्या दिवसाची वाट तो एकाच विचारात चालला. दुसरी गोष्ट गाळावी तर लबाडी, सांगावी तर त्या पोरीला आई कायमची तुटली. चौसाळ्याच्या वेशीवर त्यानं नेहमीपेक्षा जास्त वेळ डोळे मिटले. मनात एक मवाळ वाक्य जुळवलं आणि मंजुळाबाईच्या वडिलांच्या, सुंदररावांच्या अंगणाकडे वळला.

वाक्य तसंच राहिलं. शेजारच्या छबुबाईनं त्याला पाहिलं आणि "म्हाळू आला गं" म्हणून हंबरडा फोडला. सुंदररावांनी डोक्याचं पागोटं उतरवलं. मंजुळेची आई, जानकीबाई, उंबऱ्यावर कोसळली.

"आगं माझे मंजुळे! मेल्या तुपापायी लेकीचं तोंड बघितलं न्हाई गं मी!"

"माय, ऐका," म्हाळू हळू म्हणाला. कुणी ऐकलं नाही. आणखी चार बाया आल्या आणि कुणासाठी रडायचं ते न विचारता रडू लागल्या. शेवटी म्हाळू जन्मात पहिल्यांदा ओरडला.

"मंजुळाबाईला पोरगा झाला! दोघं बी चांगले हायेत!"

बायांनी तोंडावरचे पदर काढले. मग जानकीबाई रडतच हसायला लागली. छबुबाई म्हणाली, "मग आधी सांगायचं न्हाई का, मुडद्या?"

सुंदररावांनी पागोटं चढवलं. "आनखी काय म्हनले इवाई?"

"एक गोष्ट हाय, पर रागातली हाय. इचाराल तर सांगतो. न्हाई इचारलं तर आधी तुमचं रडणं त्यांना सांगून येतो."

सुंदररावांनी जानकीबाईकडे पाहिलं. "न्हाई इचारत," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी म्हाळू अर्जुनरावांपुढे उभा राहिला.

"मालक, अर्धाच सांगावा दिला."

"कावून बे?"

"मला बघून त्यांना वाटलं, मंजुळाबाई गेल्या. जानकीमाय उंबऱ्यावर पडून शिव्या देत होत्या."

"मला?"

"न्हाई जी. तुपाला."

अर्जुनरावांनी मिशीवरून हात फिरवला. आत पाळण्याची दोरी थांबली होती.

"ऱ्हायलेला अर्धा इसर," ते म्हणाले. "जा, समद्यांना बारशाला या म्हनावं. आन् तूप त्यांनीच आनावं."

म्हाळू पुन्हा चौसाळ्याला गेला. छबुबाईनं त्याला पाहून पुन्हा हंबरडा फोडला. पण या वेळी जानकीबाई हसतच बाहेर आली, कारण म्हाळू वेशीपासूनच हसत येत होता.

त्या महिन्याच्या कागदात म्हाळूच्या नावापुढे नोंद आहे : "गावात मयत नाही. सबब काम काही केले नाही."

बारशाला म्हाळूचं पान अंगणात, कडेला मांडलं होतं. जानकीबाईनं त्यावर दोनदा तूप वाढलं.