तांड्यावर अक्का रडली

आळंदच्या बाजारात भाऊजींच्या भांड्यांच्या दुकानासमोर एक लमाणी बाई आरशांच्या भरतकामाच्या पिशव्या विकते. माझ्या थोरल्या बहिणीची, म्हणजे अक्काची, ती मैत्रीण. श्रावणात तिनं आम्हा दोघींना तीजच्या सणाला तांड्यावर बोलावलं.

जीपमध्ये मी अक्काला बजावलं, "न विचारता फोटो काढायचा न्हाई. कुणाचे दागिने हातात धरून बघायचे न्हाईत. ते करतील तसं आपण करायचं."

"मला कामून सांगायलीस? मी काय लहान हाव?" अक्का म्हणाली.

तांड्यावर आमच्यासोबत आणखी एक लमाणी बाई उतरली. अक्काची मैत्रीण धावत आली, त्या बाईच्या गळ्यात पडली आणि दोघी हेल काढून रडायला लागल्या.

अक्काचा चेहरा उतरला. "कुणीतरी गेलं दिसतंय," ती कुजबुजली. मी अडवायच्या आत ती पुढं झाली, मैत्रिणीला मिठी मारली आणि तिनं हंबरडा फोडला. आमच्या भावकीत अक्काच्या रडण्याला मान आहे. तिच्यापुढं त्या दोघी गप्पच झाल्या.

मैत्रीण घाबरली. "अक्का, काय झालं? तुमचे मालक बरे हायत न्हवं?"

"ते बरे हायत. तुमच्यातलं कोण गेलं?"

"कुणीच न्हाई. ही माझी बहीण, लई दिसांनी आली. आमच्यात बाया भेटल्या की असं गळ्यात पडून सुखदुःख सांगतेत."

अक्कानं पदरानं नाक पुसलं. "मग मी एवढी कामून रडले?"

ती बहीण हसता हसता खालीच बसली. मग दोघींनी अक्काला रीत शिकवायला घेतली. मान खांद्यावर, आवाज लांबवायचा आणि त्यातच घरची खबर सांगायची. अक्कानं मिक्सर बिघडल्याचं आणि लेकाला नोकरी लागल्याचं एकाच सुरात सांगितलं. ओट्यावरची एक म्हातारी म्हणाली, "नोकरीला आवाज चढव की, बाई."

अक्कानं चढवला. मग शेजारच्या घरातल्या बायाही भेटायला आल्या. पोरी तीजसाठी टोपल्यांत उगवलेल्या गव्हाभोवती गाणी म्हणत होत्या, आणि अक्का एकेकीच्या गळ्यात पडून मिक्सरची गोष्ट सांगत होती.

घरी आल्यावर भाऊजींनी विचारलं, "कसा झाला सण?" अक्काचा घसा पार बसला होता. मीच सांगितलं, "लई छान. दिवसभर रडलो."