मानाचं पहिलं नाव

माझ्या मुलीच्या शिक्षणाचं वाटोळं करायला मला जेमतेम चार मिनिटं लागली, आणि त्यातलं एक तर ओटीपी यायलाच गेलं.

चौसाळ्यात हायवेला लागून माझं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. एवढ्या वर्षांत मी एकच विद्या शिकलो, ती म्हणजे कुणाचं नाव वर घ्यायचं आणि कुणाचं खाली. अक्षर चुकलं तर लोक हसून सोडून देतात. क्रम चुकला तर नवरा-नवरी राहतात बाजूला आणि पाहुण्यांची समजूत काढण्यात दिवस जातो. माझ्या धाकट्या भावाच्या पत्रिकेत दाजींचं नाव चुकून पाचवं पडलं होतं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, राहायला उमापूरला. लग्नाच्या दिवशी दाजी न जेवता मांडवातून निघून गेले. तेव्हापासून आमच्या घरात कोणताही कागद निघो, पहिलं नाव दाजींचं. (फ्रिजचं वॉरंटी कार्ड तेवढं राहिलंय.)

तर आमची दीक्षा बारावी झाली, सीईटीला मार्क चांगले पडले. तिला कॉम्प्युटर इंजिनिअरच व्हायचं होतं. दुकानातला कॉम्प्युटर मी बिघडवायचा आणि तिनं दुरुस्त करायचा, ही आमची आठवीपासूनची वाटणी. तिनं आठवडाभर माहिती काढून अकरा कॉलेजांची यादी केली, सगळीकडे कॉम्प्युटरच, आणि कागद माझ्या मॉनिटरला चिकटवला. फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी नेमकं तिला एका दाखल्यासाठी बीडला जावं लागलं.

"पप्पा, हाच क्रम ठेवा. एकबी इकडचा तिकडं करू नका," जाताना तिनं बजावलं.

मी हसलो. क्रम! आणि तो मला सांगतेय!

फॉर्म उघडला आणि एकदम आठवलं. एवढा मोठा निर्णय, आणि दाजींना विचारलंच नव्हतं. लगेच फोन लावला. दाजी बांधकाम खात्यातून रिटायर झालेले. त्यांनी संभाजीनगरच्या एका कॉलेजचं नाव सांगितलं आणि म्हणाले, "सिव्हिल टाक. आपल्या जिल्ह्यात रस्त्याची कामं कवाच संपत न्हाईत."

आता माझा अनुभव असा, की पत्रिकेत ज्याचं नाव सगळ्यात वर मोठ्या अक्षरात असतं, तो माणूस लग्नाला कधीच येत नाही. ते नाव फक्त मानाचं. म्हणून मी एक नंबरला दाजींचं सिव्हिल टाकलं, त्याखाली दीक्षाची अकरा कॉलेजं जशीच्या तशी. दाजींचा मानही राहिला, मुलीचा क्रमही राहिला. दीक्षाला मात्र सांगितलं नाही. एवढ्या तेवढ्याला काय सांगायचं?

यादी लागली आणि मानाचा पाहुणा आला. नुसता आला नाही, सामानसुमान घेऊन मुक्कामाला आला!

"पप्पा, हे सिव्हिल कुठून आलं?" मोबाईलमधून मान वर न काढता दीक्षानं विचारलं.

मी समजावलं, की ते मानाचं आहे, पुढच्या फेरीत खालचं मिळेल.

"एक नंबरचं मिळालं की तेच घ्यावं लागतं. आपल्यासाठी पुढच्या फेऱ्या बंद."

मग तिनं आपल्या यादीतलं पहिलं कॉलेज उघडून पाहिलं. तिथं तिच्यापेक्षा कमी मार्कांच्या पोरांनाही कॉम्प्युटर मिळालं होतं. तिनं मोबाईल पालथा ठेवला. तिच्या वाटणीचं माझ्या बायकोनं, मंदानं, बोलून घेतलं. "लेकराचा जन्म हाय का पत्रिका?" हे त्यातलं सगळ्यात सौम्य वाक्य. मला खरोखर मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरगी रडली असती तर बरं वाटलं असतं.

आता एक तर वर्ष वाया घालवायचं, नाहीतर सिव्हिल घ्यायचं. आम्ही बापलेक कॉलेज बघायला गेलो. तिथल्या क्लार्कनं सांगितलं, की पहिल्या वर्षी मार्क चांगले पडले आणि कॉम्प्युटरला जागा रिकामी राहिली, तर दुसऱ्या वर्षी शाखा बदलता येते.

"नक्की मिळंल का?" मी विचारलं.

"नक्की काहीच नसतं काका."

दीक्षानं मात्र त्याला खोदून खोदून विचारलं. गेल्या वर्षी जागा किती राहिल्या, अर्ज किती आले, शेवटच्या मुलाला मार्क किती होते. मग लॅब पाहिली, चार पोरींशी बोलली आणि म्हणाली, "घेते." बाहेर आल्यावर मला वेगळं सांगितलं, "तुमच्या दाजींसाठी न्हाई. कॉलेज खरंच चांगलं हाय."

मला आता नवीनच घोर लागला. दाजींनी सगळ्या उमापुरात सांगून ठेवलं होतं, की पोरीनं आपला शब्द राखला. ती वर्षभरात सिव्हिल सोडणार, हे त्यांना कोण सांगणार? दाजी फोनवर विचारायचे, "पोरगी पूल बांधाया लागली का?" मी म्हणायचो, पाया खोदणं चालू आहे.

वर्ष सरलं. दीक्षा कॉलेजात दुसरी आली. शाखा बदलायचा फॉर्म निघाला तेव्हा मी चाचरत म्हटलं, दाजींना एकदा विचारायला पाहिजे. ती उठली आणि मला घेऊन थेट उमापूरला गेली.

दाजींनी सगळं ऐकून घेतलं. "घे की मग कॉम्प्युटर. मला कावून इचारती? तुझ्या बापानं फोन केला म्हणून मी आपलं एक नाव सांगितलं."

"पण दाजी, तुमचा मान," मी म्हटलं. "त्या लग्नात तुमचं नाव पाचवं पडलं, तर तुमी न जेवता गेलता."

"पोट बिघडलं हुतं माझं. मांडवात वरडून सांगू का?"

दीक्षा माझ्याकडे बघत राहिली. मी दाजींच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिनं मला दुकानाबाहेर स्टुलावर बसवलं आणि फॉर्म स्वतः भरला. (कॉम्प्युटर मिळालं तिला, हे सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही मला आणखी शिव्या द्याल.) ओटीपी माझ्या फोनवर येणार, तेवढ्यापुरती माझी गरज पडली. सहा आकडे आले. सगळ्यात पुढे शून्य बसलेला, आणि नऊसारखा मोठा आकडा बिचारा सगळ्यात शेवटी उभा! माझा जीव तुटला. पण आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला वर घेतलं नाही.