गाड्या आमच्याच खळ्यात

गेली नऊ वर्षं मी साजगावच्या एका कारखान्यात बहुतेक रात्रपाळीच करतो. सकाळी कंपनीची गाडी फाट्यावर सोडते. घरी येऊन भाकरी खाल्ली की मी आडवा होतो, आणि दुपारी दोनच्या आत मला उठवायची आमच्या घरात कुणाची छाती होत नाही. पण झोप फार सावध. खळ्यात गाडीचं दार लागलं तरी मी उठून बसतो.

आमचं घर गावाच्या अगदी शेवटी आहे. पुढे खळं, मागे गोठा, गोठ्यामागे आमची वरकस आणि तिच्या डोक्यावर माथेरानचा डोंगर. वरकस म्हणजे भात होत नाही अशी उताराची जमीन; वरी, नाचणी आणि गवत, बस्स. सातबाऱ्यावर ती माझ्या आणि धाकट्या भावाच्या नावाने सामाईक आहे. भाऊ माथेरानला हॉटेलात कामाला. त्याची बायको-मुलं शाळेसाठी भिसेगावात राहतात, तो आठवड्यातून एकदा पायवाटेने डोंगर उतरतो, आमच्याकडे जेवतो आणि मग त्यांच्याकडे जातो.

मागच्या दिवाळीनंतर आमच्या खळ्यात परक्या गाड्या यायला लागल्या. पहिल्या गाडीतून तिघं उतरले. एकाच्या हातात मोबाइल, दुसऱ्याच्या हातात लांब काठी. मोबाइलवाला दहा पावलं गोठ्याकडे गेला, दोन पावलं मागे आला, पुन्हा पुढे गेला. मी खिडकीतून बघत होतो. सरकारी मोजणीवालेही हल्ली असंच करतात. काठीवर मशीन लावतात आणि त्या मशीनकडे बघत मागेपुढे सरकतात.

"पॉईंट इथूनच सरळ वर दाखवतोय," मोबाइलवाला म्हणाला.

मी बनियनवरच बाहेर गेलो. "काय पायजे?"

"काही नाही काका. असंच फिरायला आलोय."

आता आमच्या तालुक्यात 'असंच' आलेला माणूस बहुधा जमीन बघायला आलेला असतो. आधी असंच फिरतो, मग असंच पाण्याची चौकशी करतो, आणि दोन वर्षांनी तिथे कुंपण आणि पोहण्याचा हौद दिसतो. मी त्यांना नाही म्हणालो नाही, हो म्हणालो नाही. ते गोठ्याला वळसा घालून वर गेले. तिथे वाट नाही, घळ आहे; पावसाळ्यात पाणी उतरतं तेवढंच. दोन तासांनी ते खरचटलेले गुडघे घेऊन खाली आले. माझ्या कुंपणाचे दोन खांब आडवे करून आले होते, पण चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. गाडीत बसताना काठीवाला फोनवर कुणाला तरी म्हणाला, "झाली एकदाची नोंद!"

नोंद हा शब्द आमच्याकडे साधा नाही. शहरातल्या माणसाची नोंद कुठेही होत असेल, दवाखान्यात, शाळेत, लग्नाच्या हॉलवर. आमच्याकडे नोंद एकाच ठिकाणी होते, तलाठ्याकडे. जमीन एका नावावरून दुसऱ्या नावावर गेली की नोंद. आणि ती झाल्याचं कळतं सगळ्यात शेवटी, ज्याची जमीन गेली त्याला. त्या दुपारी मी परत झोपलो नाही.

त्यानंतर महिन्याभरात पाच-सहा गाड्या आल्या. प्रत्येकाच्या हातात मोबाइल, प्रत्येकाचं तेच 'असंच', आणि वरून आल्यावर कुणाच्या ना कुणाच्या तोंडी नोंद. मी गाड्यांचे नंबर कॅलेंडरवर लिहून ठेवायला लागलो. बायको म्हणाली, "आवं, आपल्या डोंगरात काय सोनं निघालंय? फिरू द्या की." मी तिच्यावरही ओरडलो.

मग एका सकाळी फाट्यावरून चालत येताना मला देवळाच्या पटांगणात भाऊ दिसला. एका गाडीपाशी उभा होता. गाडीतल्या माणसाला हात लांब करून तो काहीतरी दाखवत होता. शाळेकडून सुरू करून त्याने हात हळूहळू वर नेला, आमच्या वरकसच्या बांधावरून फिरवला आणि वर कातळापाशी थांबवला. त्या माणसाने त्याच्याशी हात मिळवला. तेवढ्यात भावाने मला पाहिलं आणि हात खाली घेतला.

घरी जेवताना मी विचारलं, "कोन व्हती रं ती?"

"कोन नाय दादा. फिरायला आल्याली."

"तुज्या वळखीची?"

"नाय रं. वाट इचारत व्हती." एवढं म्हणून तो ताटाकडे बघत राहिला. लहानपणी आंबे पाडून आला की तो असाच ताटाकडे बघायचा. मला वाटलं, संपलं, याने हद्द दाखवली. बांधावरून फिरलेला तो हात माझ्या डोळ्यासमोरून जाईना. कारखान्यात मशीनपुढे उभा राहिलो तरी तोच हात. माझा भाऊ, ज्याला मी खांद्यावर बसवून शाळेत नेलं, तो माझ्या पाठीमागे जमीन विकायला काढतोय, या विचाराने मला राग आला आणि त्याहून जास्त रडू आलं. पण रडणं मी कुणाला दाखवलं नाही, राग सगळ्यांना दाखवला.

बायको म्हणाली, "भावोजींना सरळ इचारा ना."

"चोर हो म्हननाराय का?"

"चोर कोन, त्ये तरी ठरू द्या," ती म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

मी कर्जतला जाऊन सातबारा काढला. साफ होता. दोघांची नावं, बाकी काही नाही. शहाणा माणूस तिथे थांबला असता. मला वाटलं, अजून साफ आहे म्हणजे काम मधल्या टप्प्यात आहे. म्हणून मी दोन पानी अर्ज लिहिला. सदर जमिनीबाबत माझा भाऊ परस्पर व्यवहार करीत असल्याचा मला संशय असून माझ्या संमतीशिवाय कोणतीही नोंद घेण्यास माझी हरकत आहे. तलाठ्याने वाचला, माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि पोच दिली. ती पोच खिशात ठेवल्यावर मला चार दिवस शांत झोप लागली, हे मी लपवत नाही.

पाचव्या दिवशी गोठ्यामागून कण्हण्याचा आवाज आला. घळीतून एक बाई खाली येत होती, माझ्याच वयाची, पाय मुरगळलेला, नवऱ्याच्या खांद्यावर हात. बायकोने तिला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, हळद-चुना गरम करून पायाला लावला. पाणी पिऊन झाल्यावर बाई नवऱ्यावर तुटून पडली.

"लपवणाऱ्याने दोन आकडे जास्त दिले असते तर काय बिघडलं असतं? गाडी कुठे लावायची तो एक आणि वाट कुठून लागते तो एक."

"मग शोधायचं काय उरलं?" नवरा म्हणाला. "उद्या म्हणशील, डबा घरपोच पाठवा."

"डबा शोधायचा असतो. दुसऱ्याच्या गोठ्यातून रस्ता शोधायचा नसतो."

मी मध्येच म्हणालो, "कसला डबा?"

दोघं एकमेकांकडे बघू लागले. बाहेरच्यांना सांगायचं नाही असा या खेळाचा नियम असतो म्हणे. पण हळद-चुना लावून घेतल्यावर बाईंना नियम पाळवेना. कुणीतरी डोंगरात डबा लपवतो. जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतो. लोक मोबाइल घेऊन येतात, डबा शोधतात, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहितात आणि डबा होता तिथे ठेवतात. बस्स. गाडीच्या आणि वाटेच्या जागेचेही आकडे देता येतात, पण बंधन नाही. आमच्या डोंगरातल्या डब्याला ते दिलेले नव्हते. बाईंनी मला मोबाइल दाखवला. डबा वर कातळापाशी. तिथपर्यंतची सरळ रेघ डांबरी रस्ता जिथे संपतो तिथून निघत होती, म्हणजे माझ्या खळ्यातून, आणि गोठ्याच्या छपरावरून वर गेली होती.

"आनि वहीत लिवलं की त्याला काय म्हनता तुमी?"

"नोंद," नवरा म्हणाला.

बायको आतून बाहेर आली होती. ती माझ्याकडेच बघत होती.

दुसऱ्या दिवशी मी झोपलो नाही. तरीही माझा पूर्ण विश्वास बसला नव्हता. शहरातली माणसं मोठ्या डोंगरात एवढासा डबा शोधायला पेट्रोल जाळतात, हे कुणालाही सांगितलं तर तो हसेल. शाळेच्या मागून जी वाट निघते, जिने माझा भाऊ कामाला जातो, तिने मी वर गेलो. बांधाच्या कडेकडेने, सोपी चढण. अर्ध्या तासात कातळ आला. कपारीत दगड रचलेले होते आणि त्यामागे हिरवा प्लास्टिकचा डबा, घट्ट झाकणाचा. आत पेन्सिल आणि वही. पानोपानी नावं आणि तारखा. मधल्या एका पानावर मात्र अक्षर ओळखीचं होतं.

सूचना. गाडी देवळाच्या पटांगणात लावावी. वाट शाळेच्या मागून हाय. खालच्या घराच्या खळ्यात कोणीही गाडी लावू नये. तेथे माझा दादा रात्रपाळी करून झोपतो. त्याची झोप मोडू नये ही नम्र विनंती.

खाली भावाची सही. तारीख माझ्या अर्जाच्या महिनाभर आधीची.

त्याच्याखाली वेगवेगळ्या अक्षरांत लोकांनी लिहिलं होतं: सूचनेबद्दल धन्यवाद, पण ही आम्हाला वर पोचल्यावर मिळाली. आणखी एकाने: दादांची माफी मागतो, गाडी आत्ता त्यांच्याच खळ्यात आहे. खाली कुठे थांबायचं ते या भल्या माणसाने डोंगरावरच्या डब्यात लिहून ठेवलं होतं! मला हसू फुटलं आणि मधेच मोडलं. मग मी तिथेच बसून राहिलो. मला माझी लाज वाटली, इतकी की वहीत नाव लिहायचंही धाडस झालं नाही.

तसाच उतरून तलाठ्याकडे गेलो आणि हरकतीचा अर्ज मागे घ्यायचा म्हणालो. तो म्हणाला, "घ्या. पण तुमच्या भावाला मी परवाच फोन करून सांगितलंय."

"काय म्हनला तो?"

"म्हणाला, दादानं दिलाय ना, मग आसंल कायतरी."

नंतर बाईंच्या नवऱ्याने माझा निरोप डबा लपवणाऱ्याला पाठवला. वाट शोधणं हाही खेळाचाच भाग आहे, असं त्याचं पहिलं उत्तर आलं. मी कळवलं, खेळ तुमचा आहे, खळं माझं आहे, आणि मी खेळत नाही. पंधरा दिवसांनी त्याने दोन्ही आकडे टाकले. आता गाड्या देवळापाशी थांबतात. अधूनमधून एखादी चुकून येतेच, आणि मी अजूनही आधी तिचा नंबर बघतो.

भावाच्या सुट्टीच्या दिवशी मी शाळेच्या मागे, वाट जिथे सुरू होते तिथे जाऊन उभा राहिलो. तो पाठीला पिशवी लावून उतरत आला, मला पाहून थबकला.

"दादा, तू हितं?"

"मला का नाय सांगितलंस रं डब्याचं?"

"वाटंत भेटल्याल्या डबेवाल्यांनी दावला, आनि कोनाला सांगू नको म्हनून सांगितल्यालं. आनि तुला सांगितलं आसतं, तर तू डबा दरीत टाकला आसतास."

टाकला असता. मी मान खाली घातली. "चुकलं माजं," एवढंच म्हणालो. "आर्ज मागं घेतलाय मी."

त्याने पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. माझ्या पुढे होऊन दोन पावलं चालला आणि मागे न बघता म्हणाला, "हरकत नाय, दादा."

ते त्याने नेहमीसारखं सहज म्हटलं की मुद्दाम, मला अजून कळलेलं नाही, आणि त्याला विचारायची माझी छाती होत नाही.