ठरलेले सहा दात

समाजाचं आरोग्य हिरड्यांत दिसतं, असं मुरुडच्या कोळीवाड्यात दंतपाहणीचं उद्घाटन करताना डॉक्टर म्हणाले. नोंदी लिहायला मी होतो. मासळीची पाटी शेजारणीवर सोपवून एक म्हातारी आली आणि पदराने तोंड पुसून खुर्चीत बसली. पदराला रक्त लागलं. औषध नोंद झालेल्यांनाच मिळणार होतं. दातांवरचा थर आणि हिरड्या ठरलेल्या सहा दातांपाशीच मोजायच्या होत्या. तिचे चार दात उरले होते, पण त्या सहांतला एकही नव्हता.

"आजी, तुमची नोंद होणार नाही," डॉक्टर म्हणाले.

"मंग ह्या रगत कुनाचा हाय, डाक्तर? शेजारनीचा?"

मी तिच्या रकान्यात रेघ मारली. ती पाटीकडे परतली.

अशा रेघा वगळल्यावर कोळीवाड्याच्या हिरड्या तालुक्यात सर्वांत निरोगी ठरल्या.