व्हरांड्यातले आठ दिवस

उंब्रजच्या हायस्कुलात एकतीस वर्षं इतिहास शिकवणाऱ्या नाथाजी सरांचा तास म्हणजे दोनच शब्द : लिहून घ्या. सर सांगत, पोरं लिहीत, आणि परीक्षेत तेच शब्द जसेच्या तसे सरांकडे परत येत. निकाल शंभर टक्के. मग तोंड उघडतंय कशाला कोण?

अशा माणसाच्या गळ्यात हे घोंगडं पडलं. दहावीतली शिवांजली वर्षभर अमेरिकेतल्या शाळेत शिकण्याच्या शिष्यवृत्तीत शेवटच्या फेरीपर्यंत पोचली होती. उरलेली मुलं दोन, जागा एक. शनिवारी सकाळी सात वाजता शाळेतल्या कॉम्प्युटरवर तिथल्या बाई अमेरिकेच्या इतिहासाचा एक तास घेणार होत्या, आणि त्यावरच निवड ठरणार होती.

तासाला काय होईल ते त्यांनी आधीच कळवलं होतं. सरांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं. टिपणं कुणी सांगणार नाही. एकाच घटनेबद्दल उलटसुलट सांगणारे दोन जुने कागद समोर ठेवतील. खरं कुणाचं ते विद्यार्थ्यानं ठरवायचं. बाईंचं म्हणणं पटलं नाही तर तोंडावर सांगायचं. गप्प बसणाऱ्याला गुण नाहीत.

"मास्तराला उलट बोलल्यावर मार्क?" सर पुटपुटले. पण पोरगी हुशार, तिची संधी आपल्यापायी जायला नको, म्हणून रोज शाळा सुटल्यावर ते तिचा सराव घेऊ लागले.

बुधवारी त्यांनी मुद्दाम चुकीचं सांगितलं. "अमेरिका स्वतंत्र झाली, त्याच वर्षी तिथले सगळे गुलाम सुटले."

शिवांजलीनं मान खाली घालून ते लिहिलं, वर पट्टी लावून लाल पेनानं अधोरेखितही केलं.

"अगं, हे चूक हाय. तुला म्हाईत न्हाई?"

"म्हाईत हाय की सर. गुलाम सुटायला पुढं जवळजवळ नव्वद वर्षं गेली."

"मग लिवलंस कशाला?"

"तुमी सांगितलं म्हणून."

सरांचा पारा चढला. "अशानं शनिवारी तुझं काय हुणार? मला खोटं पाड! तोंड दिलंय न्हवं देवानं?"

तिनं पट्टी वहीवरून उचलून बाजूला ठेवली. "सर, ह्याच वाक्यावर आमच्या दादानं हात वर केला हुता."

सरांना सिद्धू आठवला. विसरले कधी होते म्हणा! सहा वर्षांपूर्वी नववीच्या भरल्या वर्गात त्यानं "सर, चुकतंय" म्हटलं होतं, आणि सरांनी त्याला आठ दिवस इतिहासाच्या तासाला व्हरांड्यात उभं केलं होतं. फार शहाणपणा बरा नव्हे, हे पोरांना कळावं म्हणून. पोरांना ते चांगलंच कळलं.

"त्याचं बराबर हुतं," सर कसेबसे म्हणाले. "मी दुसऱ्याच दिवशी पुस्तकात बघितलं. पण तेवढी बारीक गोष्ट पुन्हा वर्गात कशाला काढायची, म्हणून..."

"न्हाई सर." शिवांजली उभी राहिली. "बारीक न्हवती. सगळी शाळा त्याला बघत जायाची. दहावी झाल्यावर त्यानं शिक्षणाचं नाव काढलं न्हाई. तुमी चुकला हुता, आन् वर सात दिवस त्याला तसंच उभं ठिवलं."

सरांचे कान तापले. दाराकडे बोट दाखवायला हात अर्धा उठलाही. मोठ्या कष्टानं त्यांनी तो टेबलावर टेकवला.

"शनिवारी असंच बोलायचं," ते म्हणाले.

शनिवारी सर तिच्या मागच्या बाकावर बसले. बॉस्टनमध्ये इंग्रज सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या, त्याचे दोन कागद होते. एक सैन्याच्या कॅप्टनचा, एक गावातल्या माणसाचा. बाई म्हणाल्या, कॅप्टन जबाबदार माणूस, तेव्हा त्याचंच खरं धरू या.

शिवांजली गप्प. दहा सेकंद गेले, वीस गेले. गेलं, त्यांना वाटलं, आणि माझ्यामुळं गेलं.

तेवढ्यात ती सवयीनं ताडकन उभी राहिली. कॅमेऱ्यात तिचा चेहरा दिसेना, नुसतं गळ्यातलं ओळखपत्र.

"मॅडम, मला हे पटत नाही," ती इंग्रजीत म्हणाली. "हे त्यानं तुरुंगातून लिहिलंय. त्याच्यावर खटला चालणार होता. तो स्वतःला सोयीचं तेवढंच लिहील."

बाईंनी हसून काहीतरी टिपून घेतलं. मंगळवारी निवडीचं पत्र आलं. पेढे वाटता वाटता शिवांजली सरांजवळ थांबली. "दादाला मी बुधवारचं काय बोलले न्हाई. ते तुमीच सांगा."

सिद्धू कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतो. दुसऱ्या दिवशी सर पेढ्यांचा बॉक्स घेऊन एसटीनं तिथं गेले. त्यांना दारात बघताच त्यानं मशीन बंद केलं आणि हात मागं बांधून उभा राहिला, व्हरांड्यात उभा राहायचा तसाच.

"सिद्धू, त्या दिवशी तुझं बराबर हुतं रं. मला दुसऱ्याच दिवशी कळलं हुतं."

"माझं बराबर हुतं, ते मला म्हाईत हुतं सर," सिद्धू म्हणाला. "तुमालाबी म्हाईत हुतं, ते आज कळलं."

त्यानं मशीन पुन्हा चालू केलं. सर बॉक्स हातात धरून दारातच उभे राहिले. आत या, असं त्यांना कुणी म्हणालं नाही.