आमचं गोचीड मंडळ

गुराच्या कानामागची एक गोचीड काढली की शेजारी दुसरी सापडते, दुसरी काढली की तिसरी. आमच्या मंडळाच्या किश्शांचंही तसंच आहे. परवा संगमेश्वरच्या स्टँडवर विलास भेटला. एसटीला अवकाश होता. एक किस्सा निघाला, त्यामागून दुसरा, आणि आम्ही दोघं इतके हसलो की कंट्रोलरनं खिडकीतून डोकं बाहेर काढून बघितलं. तेव्हाच ठरवलं, चार लोकांना सांगून टाकावं. पोटात ठेवून काय करायचंय?

मंडळ म्हणजे चार माणसं. आनंदीकाकी अध्यक्ष. गुरांचे डॉक्टर, मूळचे कोल्हापूरकडचे, देवरुखहून मोटारसायकलवर यायचे. विलास मुंबईत गिरणीत होता, संप लांबला तसा गावी परतला. आणि चौथा मी, दूध सोसायटीत दूध मोजून घेणारा वसंता. गावानं आमचं नाव 'गोचीडवाले' पाडलं होतं. सुरुवातीला ते हिणवायला म्हणायचे. नंतर तसंच हाक मारायला लागले.

*

त्या काळात सरकारी योजनेतून आमच्या डोंगरातल्या गावांत जर्सी गाई आल्या. काकीचे यजमान मुंबईत कामाला. त्यांच्या पैशातून गाय आली म्हणून काकीनं तिचं नावच 'मुंबई' ठेवलं. तिच्याशी ती माणसाशी बोलावं तशी बोलायची.

एक दिवस मुंबई खाईना. अंग तापलं. काकीनं मीठमोहऱ्या ओवाळल्या, देवळातला अंगारा लावला. लघवी कोऱ्या चहासारखी व्हायला लागली तेव्हा कुठं डॉक्टरला निरोप गेला. ते आले तोवर सगळं आटपलं होतं.

डॉक्टरांनी गाईचा कान उलटा करून दाखवला. आत एरंडाच्या बियांसारख्या गोचिडी चिकटलेल्या. "ह्यांच्या चावण्यानं हा ताप येतोय, काकी. पहिल्या दिवशी इंजेक्शन मिळालं असतं तर वाचायची बघा."

काकीनं खाली बसून तो कान स्वतः उलटून बघितला. मग म्हणाली, "एवढ्याशा किड्यान एवढी गाय नेलीन?" आणि डॉक्टरकडे वळून, "आणि ह्या मला आधी कोणी का नाय सांगितलान?"

हा प्रश्न पुन्हा कुणाला विचारावा लागू नये म्हणून मंडळ निघालं.

*

पहिली मीटिंग देवळात. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की रोज गाईचे कान, शेपटीचं बूड, कास बघा, गोचिडी वेचा आणि राकेलच्या डब्यात टाका.

राकेल म्हटल्यावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. रेशनवर जे काय मिळायचं ते दिव्याला पुरत नव्हतं, आणि हा माणूस किड्यांना पाजायला सांगतोय! डॉक्टरांना कळेना आपलं काय चुकलं.

काकी उठली. "चुलीत टाका गो बायांनो. चूल काय रेशनवर मिळत नाय."

मीटिंग तिथंच जमली. डॉक्टर पुढच्या गावात गेले तेव्हा भाषणातून राकेल काढून टाकलेलं होतं.

याच मीटिंगला खांबाला टेकून बापू बसले होते. बापू म्हणजे गावचे मानकरी, देवापुढं गाव ज्यांच्या तोंडून बोलतो ते. ते शांतपणे म्हणाले, "आमच्या बापजाद्यांच्या गुरांना काय गोचीड नव्हती? कोण मेला?"

लोक हसले. डॉक्टरांनी सांगितलं, की गावठी गुरांना हा ताप पेलतो, जर्सीला पेलत नाही. पण बापूंच्या वाक्यावर हसून झालेल्या माणसांना ते कशाला ऐकू जातंय?

*

भाषणानं भागेना तेव्हा विलास म्हणाला, "आपण नमनात घालूया." आमच्याकडे नमन-खेळे या गावच्या लोकनाट्यात काळ्या कपड्यांतला, उंच टोपीचा संकासूर नाचतो. विलास स्वतः संकासूर झाला आणि त्यालाच त्यानं गोचीड केलं. दोन पोरं घोंगडीखाली गाय झाली. संकासूर मागून आला आणि गाईच्या पाठीला जो चिकटला तो सुटेचना! गाय पळतेय, पाठीवर हा, ढोलकीवाला बेभान. लोक हसून हसून लोळायच्या बेताला आले.

ठरल्याप्रमाणे पुढं काकीचं पात्र येऊन गोचीड ओढून काढणार आणि विलास तडफडून मरणार. पण लोकांनी वन्समोर दिला. विलास पुन्हा चिकटला. पुन्हा वन्समोर. गिरणी बंद पडल्यापासून त्या माणसाला कुणी शाबासकी दिली नव्हती. तो मरायला तयारच होईना.

शेवटी बायकांच्या घोळक्यातून खऱ्या काकीचा आवाज आला, "मर की रे मेल्या, गाय जातेय माझी!"

विलास तिथल्या तिथं मेला. तो सांगतो की आयुष्यात त्याला कुणी इतक्या तळमळीनं मरायला सांगितलं नाही.

*

काकीला नंतर सवयच लागली. हळदीकुंकवाला कुणाकडे गेली तरी आधी गोठ्यात जायची, गाईच्या कानामागं हात घालायची, मग हात धुऊन कुंकू घ्यायची.

काकीच्या पुतण्यासाठी मुलगी बघायला आम्ही शेजारच्या गावी गेलो. पोहे आले, मुलगी आली, प्रश्नोत्तरं झाली. मुलीच्या बापानं विचारलं, "मग काकी, काय विचार?"

"पोरगी ग्वाड हाय. गोठा बघून सांगते."

गोठा बघून आली तेव्हा खूश दिसली. गाय लखलखीत, एक गोचीड नाही. "गाईचा कोण करता?"

बाप जरा ओशाळून म्हणाला, "तिचा भाऊस करता. हिला गोठ्याचा वास सोसत नाय."

काकीनं क्षणभर विचार केला. "मग असा करा, माझी एक पुतणी पण हाय."

दोन्ही लग्नं एका मांडवात लागली.

*

"पहिल्या दिवशी बोलवा" हे आम्ही एवढं घोकून घेतलं की पलीकडच्या वाडीतल्या धोंडूनं भर पावसात डॉक्टरला बोलावणं धाडलं. मोटारसायकल ओढ्याअलीकडे ठेवून डॉक्टर आणि त्यांच्यामागं मी कमरेएवढ्या पाण्यातून गेलो. गाईला ताप नाही, काही नाही. आदल्या दिवशी वासरू विकलं होतं, म्हणून ती हंबरत होती आणि खात नव्हती.

डॉक्टरांनी तिच्या गळ्याखाली खाजवलं, धोंडूच्या घरचा चहा घेतला आणि म्हणाले, "बोलावलं ते लई बरं केलं."

परतताना मी म्हटलं, "डॉक्टर, निदान दोन शब्द सुनवायचे तरी."

"आज मी वरडलो, तर पुढच्या खेपेला हा बोलवायचा न्हाई. मग गाय खरंच पडंल तवा?" पँट पिळता पिळता ते बोलत होते. त्या माणसाबद्दल मला त्या दिवशी जे वाटलं, ते आजही वाटतं.

*

आता शेवटचा, बापूंचा.

बापूंनीही शेवटी मुलाच्या आग्रहानं जर्सी घेतली होती. पण आम्हाला गोठ्यात पाऊल ठेवू दिलं नाही. त्या साली शिमग्यात, पालखी त्यांच्या घरी यायच्या आदल्या दिवशी, त्यांची सून रेवती विहिरीवर काकीजवळ रडली. "गाय खात नाय. अंग नुसता भाजतंय. मामंजी डॉक्टराला बोलवू देत नाहीत. म्हणतात, गाव हसंल."

काकी तशीच बापूंकडे गेली. "बापू, निरोप धाडू?"

"माझ्या गोठ्यात गोचीड पण नाय आणि डॉक्टर पण नाय," बापू म्हणाले. तिच्याकडे न बघता म्हणाले.

काकी माझ्याकडे आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. "माझी मुंबई अशीच पडली होती रे. उद्याचा दिस काढंल. परवा नाय." मग पदरानं तोंड पुसलं आणि डॉक्टरला निरोप पाठवला: शिमगा बघायला या, येताना बॅग आणा.

शिमग्यात पालखी घरोघर जाते. ज्याच्या घरी पालखी, त्या घरासाठी मानकरी देवाला गाऱ्हाणं घालतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. दुसऱ्या दिवशी पालखी बापूंच्या घराकडे वळली. पुढच्या दांडीला विलास आणि मी. अंगणात शिरायच्या आधी गोठा लागतो. त्या गोठ्यासमोर पालखी अडली.

पालखी अडली की कुणी थांबवली असं आमच्याकडे विचारत नाहीत. पालखी जड झाली, देवानं थांबवली. ढोल बंद झाले. आता विचारायचं मानकऱ्यानं.

बापू पुढं आले, हात जोडले. "बा म्हाराजा, बारा वाटांच्या मालका, लेकरांचा काय चुकला-माकला असंल तर पदरात घे."

"व्हय म्हाराजा!"

पालखी हलेना.

"गावातल्यांना, मुंबईच्या चाकरमान्यांना सुखात ठेव."

"व्हय म्हाराजा!"

पालखी तिथंच. बापूंनी गोठ्याच्या बंद दाराकडे बघितलं. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "माझ्या गोठ्यात मुका जनावर तापान पडलाय. त्याला उभा कर, म्हाराजा."

लोक क्षणभर चपापले. मग म्हणाले, "व्हय म्हाराजा."

आणि बायकांच्या बाजूनं, त्याच चालीत, काकीचा आवाज आला, "आणि डॉक्टराला आत जाऊ दे, म्हाराजा!"

गाऱ्हाण्यात बाईनं बोलायची रीत नाही. पण सवय ती सवय. अख्खा गाव एका दमात बोलून गेला, "व्हय म्हाराजा!"

मानकरी स्वतः कधी व्हय म्हणत नाही, कारण गाऱ्हाणं त्याचंच असतं. त्या दिवशी सगळ्यांचं म्हणून झाल्यावर बापू एकटेच, हळू आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा."

रेवतीनं दार उघडलं. फणसाखाली उभे असलेले डॉक्टर बॅग घेऊन आत गेले.

पुढं दोन-तीन दिवसांत गाय उभी राहिली, चाऱ्याला तोंड लावलं. पण मला आठवतो तो त्या वेळचा विलास. डॉक्टर आत दिसेनासे होईपर्यंत तो गोठ्याच्या दाराकडे बघत होता. मग त्यानं दांडी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि मला म्हणाला, "चल वसंता. हलकी झाली."